मेहेर १३५४

फसली, म्हणजे शेतसाऱ्याच्या, सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं. काही महिन्यांत ५९१ मिळवावे लागतात.

·

सिकंदराबादच्या एका मिशन दवाखान्याची नोंदवही: एल्लय्या, धंदा शेती, राहणार कुकटपल्ली, मृत्यू १९ जानेवारी १९४५. इंग्रजांच्या छावणीत सगळं इंग्रजी सालात लिहीत. टांगा टँकबंड ओलांडून हैदराबादेत उतरला की त्याच दिवसाचं साल १३५४ व्हायचं.

·

मुशीचा पूर. प्लेग. लढाई. रझाकारांची गडबड. पोलीस अॅक्शन. शहरातली जुनी माणसं आकडा विसरली की यांतलं एक नाव घेतात आणि त्याच्या मागेपुढे मोजतात.

·

कुकटपल्लीच्या मोठ्या रस्त्यापासून आत, मक्याच्या शेतात एक पाटी रोवली आहे. पाटीवर निळा पोहण्याचा तलाव, तलावात एक गोरी मुलगी. खाली लिहिलंय: ताबा डिसेंबर १९९७. मका पाटीच्या पायाशी वीतभर आला आहे.

·

गंगूबाईला वय विचारलं तर ती सांगते, "शेत घेतलं तवा मी पोटात होते."

·

पंचांगात चालू संवत्सराचं नाव धाता. यंदा आषाढ दोन आहेत.

·

शहरेवर, मेहेर, आबान.


सोमवार, १ जुलै १९९६

योगिनी कोठी भागातल्या वडिलांच्या घरी आली तेव्हा एकनाथराव खिडकीपाशी बसून वर्तमानपत्र वाचत होते. खाली पुस्तकांच्या दुकानांसमोर शाळा सुरू झाल्याची गर्दी होती. तिने चपला काढल्या, पाणी मागितलं नाही, पंखा वाढवला नाही. फाइलमधून एक कागद काढला आणि वर्तमानपत्रावर ठेवला.

"नाना, चष्मा लावा."

"लावलेलाच आहे."

"मग वाचा."

कागद इंग्रजीत टाइप केलेला होता. एका उर्दू खरेदीखताचं भाषांतर, खात्याची प्रमाणित नक्कल. जांभळा शिक्का फिका पडला होता. सही मात्र काळीभोर होती.

"कुणाची आहे?"

"माझी दिसते."

"दिसते?"

"माझी आहे."

योगिनी समोरच्या खुर्चीत बसली. ती चौतीस वर्षांची होती आणि दहा वर्षं वकिली करत होती. वडिलांना तिने यापूर्वी असे प्रश्न कधी विचारले नव्हते.

कुकटपल्लीच्या गंगूबाईच्या जमिनीच्या केसमध्ये गुरुवारी मंडल अधिकाऱ्यासमोर ती त्यांनाच साक्षीला उभं करणार होती. महसूल खात्याच्या दप्तरखान्यात त्यांनी तीस वर्षं उर्दू कागद वाचले होते. निजामाच्या काळातली तारीख बघून ती इंग्रजीत कशी मांडायची हे छातीठोक सांगणारं आता शहरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. गंगूबाईकडे मूळ खरेदीखत होतं. एल्लय्याचा मुलगा पोचय्या याने तिच्या बापाला शेत विकल्याचं. त्यावर तारीख होती १२ मेहेर १३५४ फसली. सगळी केस त्या तारखेवर उभी होती, आणि आज सकाळी समोरच्या पक्षाने ही नक्कल दाखल केली होती. नकलेत तारीख होती ऑगस्ट १९४४.

"समजा मी मंडल अधिकारी आहे," योगिनी म्हणाली. "आंध्र किनाऱ्याकडचा आहे. तेलुगू माझी भाषा. जुन्या हैदराबादेचं काही मला माहीत नाही. समजवा."

एकनाथरावांनी कागद बाजूला सरकवला.

"आपल्याकडचं फसली साल आझुर महिन्यापासून सुरू व्हायचं. सहा ऑक्टोबरला. मद्रासवाल्यांचं, म्हणजे किनाऱ्याकडचं, फसली एक जुलैला. नाव एक, आकडा एक, सुरुवात वेगळी. राज्य एक झालं तेव्हा जुलैवालं ठेवलं. आपलं बंद."

"मग फरक कितीचा?"

"नऊ महिने काहीच नाही. दोन्हींत आकडा सारखाच. उरलेल्या तीन महिन्यांत पूर्ण एका वर्षाचा. शहरेवर, मेहेर, आबान. म्हणजे जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. आपल्याकडे ते वर्षाचे शेवटचे तीन, त्यांच्याकडे पहिले तीन."

"मेहेर १३५४."

"ऑगस्ट १९४५. जुलैवाल्या तक्त्यात बघितलं तर ऑगस्ट १९४४ निघतो."

"आणि एल्लय्या मेला जानेवारी पंचेचाळीसला."

"हो."

"पंचेचाळीसच्या ऑगस्टात विकलं असेल तर बाप गेल्यावर मुलाने आपलं शेत विकलं. चव्वेचाळीसच्या ऑगस्टात विकलं असेल तर बाप जिवंत असताना परस्पर विकलं. विक्री रद्द. शेत पोचय्याच्या नातवांचं. आणि नातवांनी ते घरं बांधणाऱ्या कंपनीला विकून टाकलंय."

"मला सांगतेस?"

"अधिकाऱ्याला सांगतेय. तुम्ही चव्वेचाळीस का लिहिलंत, नाना?"

"तक्ता होता. साहेबांनी भिंतीला लावलेला. सगळ्या नकला त्यावरूनच करायच्या, असा हुकूम होता. एक राज्य, एक तक्ता."

"तक्ता त्यांच्या फसलीचा. कागद आपल्या फसलीतला."

"हो."

"तुम्हाला तेव्हा माहीत नव्हतं?"

एकनाथरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला.

"पंचवीस वर्षं झाली, योगिनी," ते म्हणाले.


मंगळवार, सरकारी फसली १४०६, दिवस दुसरा

गंगूबाई एकनाथरावांच्या घरी एकटीच आली. तिचा मुलगा अंबाजी कुकटपल्लीतल्या एका कारखान्यात टर्नर होता, त्याला सुटी गुरुवारचीच मिळाली होती. तिने पिशवीतून मूळ खरेदीखत काढलं. प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ते शिवून टाकलं होतं, चारी बाजूंनी, गोधडी शिवावी तसं.

"साहेबांनी बघायला मागितलं तर?" एकनाथराव म्हणाले.

"वरून दिसतंय की. हात कायकू लावायचा."

ती खाली बसली. खुर्चीवर बसा म्हटलं तर "नक्को, गुडघे वर राहतेत" म्हणाली.

"काका, त्या पाटीवाल्यांनी कुंपणाचे खांब आणून टाकलेत बांधावर. दोनशे खांब. अंबाजीनं मोजले. गुरुवारी निकाल अन् शुक्रवारी खड्डे, असं त्यांचा माणूस बोलला. मी म्हटलं, मका उभा हाय. तर म्हणतो, अम्मा, मका काढून घ्या, आमाला नको."

"ताबा तुमचा आहे. दिवाणीत दावा लावता येईल."

"वकीलबाई बी तेच म्हणल्या. पंधरा वर्सं लागतेत म्हणल्या. तवर तिथं गोरी पोरगी पोहायला लागंल."

एकनाथराव हसले नाहीत. त्यांनी तिला सांगायचं ठरवलं होतं. शेवटी त्यांनी साधंच सांगितलं. समोरच्यांनी जो कागद दाखल केलाय त्यावरची सही माझी आहे. त्यात साल चुकीचं आहे. ते मी लिहिलेलं आहे.

गंगूबाईने पिशवीचे बंद बांधले. परत सोडले.

"म्हंजे मोडणारे बी तुमीच अन् जोडणारे बी तुमीच," ती म्हणाली. "बरं झालं. दोन दारं हिंडायची मेहनत वाचली."

"गंगूबाई."

"माझी आई सांगायची, शेत घेतलं अन् चार महिन्यांनी तू झालीस. लढाई संपल्याचे फटाके वाजले होते सिकंदराबादला, बापाने तिकडूनच बैल आणले. हे सायबाला सांगितलं तर?"

"ते पुराव्यात येत नाही."

"मी हाय ना पुराव्याला. शेतापेक्षा चार महिन्यांनी ल्हान. मला बघून साल काढता येत नाही का?"

एकनाथरावांनी मनात हिशेब केला. लढाई संपली ती पंधरा ऑगस्टच्या सुमारास, पंचेचाळीसला. बाईचं बरोबर होतं, महिन्यापर्यंत बरोबर होतं. तिच्याकडे आकडा नव्हता आणि त्यांच्या नकलेत आकडा होता.

"तुम्ही पन्नास पूर्ण," ते म्हणाले. "एक्कावन्नावं चालू."

"येवढी?" गंगूबाई म्हणाली. "मला वाटलं पंचेचाळिसाची असंन."

उठताना तिने विचारलं, "मग गुरुवारी तुमी काय सांगणार, काका?"

"खरं."

"तवा बी खरंच लिहिलं असतं तर," ती म्हणाली, आणि जिना उतरली.


साक्षीचा मसुदा, पहिला

सदर नक्कल मी १९७१ साली केली. तीत नजरचुकीने

मसुदा, दुसरा

सदर नक्कल मी १९७१ साली वरिष्ठांनी दिलेल्या तक्त्यानुसार केली. तो तक्ता जुन्या कागदांना लागू नाही हे मला

मसुदा, तिसरा

सही माझी आहे.


बुधवार, शके १९१८, अधिक आषाढ

भगवंतराव पाच वाजता आले. कंपनीचे वकील. पंचाहत्तरीला टेकलेले, केस रंगवलेले, हातात उस्मानिया बिस्किटांचा पुडा. एकनाथराव दप्तरखान्यात लागले तेव्हा भगवंतराव नुकतेच वकील झाले होते आणि नकला मिळवायला रोज तिथे यायचे. गेल्या दहा वर्षांत दोघांची भेट फक्त लग्नांत आणि तेराव्यांना झाली होती.

"अधिक महिना आहे," पुडा पुढे करत ते म्हणाले. "जावयाला द्यायचं असतं. आम्हाला जावई नाही, म्हणून तुम्हाला."

"बसा."

"चहा कमी साखरेचा. डॉक्टरने जीव नकोसा केलाय."

चहा येईपर्यंत ते नव्या रस्त्यांबद्दल बोलले. माधापूरकडे दगड फोडतायत, रात्रंदिवस सुरुंग. सगळे कंप्युटरवाले येणार. मुलाने अमेरिकेहून सांगितलंय, पप्पा, जमीन घेऊन ठेवा, पुढचं शहर तिकडेच. मग कप खाली ठेवला.

"एकनाथराव, उद्या दोन एकनाथराव असणार त्या खोलीत. एक एकाहत्तरचा, सही केलेला. एक शहाण्णवचा, शपथ घेतलेला. त्यातला एक खोटा आहे. कोणता ते मला ठरवायचं नाहीये. तुम्हीच ठरवून सांगणार."

"एकाहत्तरचा."

"चालेल. मग मी विचारणार, चूक होती की जाणून केलं. चूक म्हणालात तर नक्कल रद्द, तुमचं हसं, संपलं. जाणून केलं म्हणालात तर तुम्ही खोटी नक्कल करणारे. गुन्हा. आणि मग तुमच्या आजच्या शब्दाला विचारतो कोण? तुमची साक्ष बाद. त्या बाईचा कागद परत तिथेच."

"मग तुम्हाला काळजी कसली?"

"मला नाही. मी जिंकेन किंवा हरेन, फी घेतलेली आहे." भगवंतराव हसले. मग हसू थांबलं. "अहो, तुमच्या सहीच्या नकला शहरभर पसरल्यात. लोकांनी त्यावर घरं बांधली, वाटण्या केल्या, मेले. शहरेवर, मेहेर, आबान. दर चार कागदांत एक. उद्या तुम्ही म्हणालात माझं चुकलं, की परवा प्रत्येक जण आपली नक्कल घेऊन तुमच्या जिन्यात उभा. मुलीच्या ऑफिसातही."

"तुम्हाला मेहेर माहीत आहे, भगवंतराव."

"म्हणजे काय. माझा जन्मच मेहेरातला." त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. "मला माहीत असून काय उपयोग? माझी सही नाही कुठे."

जाताना दारात ते थांबले.

"या वयात तब्येत कधीही बिघडते माणसाची. पाऊस, उकाडा. गुरुवारी सकाळी चक्कर आली तर कोणी काही म्हणणार नाही. मी तर मुळीच नाही."

ते गेल्यावर तासाभराने योगिनी आली. पुडा बघून तिला कळलं.

"भगवंतकाका?"

"हो."

"काय म्हणाले?"

"साखर कमी केलीय म्हणाले."

ती कॉटच्या कडेला बसली.

"नाना, सोमवारी मी तुम्हाला एक विचारलं होतं."

"उत्तर द्यायचं राहिलं."

"देऊ नका. मी वकील आहे. उत्तर माझ्या कानावर आलं आणि उद्या तुम्ही शपथेवर दुसरं बोललात, तर मला तुम्हाला उभं करता येणार नाही. दुसरा साक्षीदार माझ्याकडे नाही. गंगूबाईकडे तर मुळीच नाही."

"मग?"

"मग जेवून घ्या. उद्या दहाला रिक्षा आणते."


गुरुवार, जुनं फसली १४०५

मंडल कार्यालय एका भाड्याच्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. खाली केबल टीव्हीवाल्याचं दुकान. सुनावणीच्या खोलीत सहा खुर्च्या, एक टाइपरायटर, खिडकीत कूलर. गंगूबाई आणि अंबाजी भिंतीला टेकून उभे राहिले. अंबाजीने इस्त्रीचा शर्ट घातला होता. भगवंतरावांनी सगळ्यांना नमस्कार केला. त्यांच्या शेजारी कंपनीचा माणूस बसला, मांडीवर मोबाइल फोन, जणू तान्हं मूल.

अधिकारी तिशीतला होता. तो तेलुगू आणि उर्दूत विचारत होता, टंकलेखक इंग्रजीत लिहून घेत होता.

मूळ कागद प्लॅस्टिकमधूनच दाखवला गेला. अधिकाऱ्याने शिवण बघितली आणि उसवायला सांगितलं नाही. मग भगवंतराव उठले.

प्रश्न: नकलेवरची सही कोणाची?

उत्तर: माझी.

प्रश्न: नक्कल केली तेव्हा मूळ कागद तुमच्यासमोर होता?

उत्तर: होता.

प्रश्न: त्यावर तारीख?

उत्तर: बारा मेहेर तेराशे चोपन्न.

प्रश्न: आणि तुम्ही लिहिलंत ऑगस्ट १९४४.

उत्तर: लिहिलं. ते चूक आहे. ऑगस्ट १९४५ पाहिजे.

प्रश्न: पंचवीस वर्षं चूक कळली नाही. मुलीने वकीलपत्र घेतल्यावर कळली.

उत्तर: मुलगी जन्मायच्या आधीपासून मेहेर ऑगस्टातच येतो.

कूलरपाशी कोणीतरी हसलं. अधिकाऱ्याने हात वर केला.

"एकनाथराव गारू," तो म्हणाला, "माझ्या आजोबांनी चाळीस वर्षं गावचं दप्तर लिहिलं. आमच्याकडे फसली जुलैलाच लागतं. माझ्या टेबलावरच्या सगळ्या वह्या तशाच आहेत. ऑक्टोबरवालं फसली मी आजवर पाहिलेलं नाही."

"दिसणार नाही साहेब. ते बंद झालं."

"मग मी कशावरून मानू?"

"आज तुमच्या वहीत १४०६ लागून चार दिवस झाले. जुन्या फसलीत आज १४०५ आहे. सहा ऑक्टोबरपर्यंत १४०५ राहील. आज मी कागद केला, जुनं साल घातलं, आणि पन्नास वर्षांनी कोणी तुमच्या वहीवरून वाचला, तर त्याला वाटेल हा गेल्या जुलैचा कागद. गेल्या जुलैत तर आपली भेट पण नव्हती."

अधिकाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

योगिनीने जुना हैदराबाद कूळकायदा पुढे ठेवला. एका कलमात कंसात छापलेलं होतं: फसली १३५३ चा पहिला दिवस, म्हणजे ६ ऑक्टोबर १९४३. अधिकाऱ्याने ते दोनदा वाचलं. पुस्तक परत करताना तो म्हणाला, कायदा मला दिसला. पण ही नक्कल खात्याचीच आहे. ज्याने केली त्यानेच ती मागे घेतल्याशिवाय मला ती बाजूला ठेवता येत नाही, आणि त्याने ती कशी केली हेही मला कळलं पाहिजे.

"तेच विचारतो," भगवंतराव म्हणाले.

प्रश्न: तक्ता जुन्या कागदांना लागत नाही, हे १९७१ साली तुम्हाला माहीत होतं?

टंकलेखकाची बोटं थांबली. अंबाजीने आईकडे बघितलं. तिला प्रश्न उर्दूतून कळला होता. योगिनी फाइलची नाडी बांधत होती आणि मान वर करत नव्हती. भगवंतराव कोटाच्या खिशात हात घालून उभे होते. त्यांचा जन्म मेहेरातला होता. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि ते माहीत असल्याचं सांगण्याची त्यांना सोय नव्हती.

उत्तर: नाही.

प्रश्न: नाही?

उत्तर: तक्ता होता. तक्त्याप्रमाणे केलं. चूक झाली.

भगवंतरावांनी खिशातून हात काढला. मग बसले.


नोंदीत न आलेलं

जिना उतरताना एकनाथरावांनी कठडा धरला तेव्हा गंगूबाईने दुसरा हात धरला. "सावकास, काका," ती म्हणाली. "पायऱ्या मोजा." त्यांनी मोजल्या नाहीत.

खाली केबलवाल्याच्या दुकानात एकाच वेळी चार टीव्ही चालू होते, चारही वेगळ्या चॅनेलवर. भगवंतराव तिथे उभे राहून क्रिकेट बघत होते. कंपनीचा माणूस रस्त्यात फोनवर मोठ्याने बोलत होता, आवाज पोहोचत नसल्यासारखा.

"चांगली साक्ष दिलीत," भगवंतराव टीव्हीवरून नजर न काढता म्हणाले. "निम्मी तर अगदी उत्तम."

योगिनी आणि एकनाथराव रिक्षाने अमीरपेटपर्यंत आले. तिथे सिग्नलला ती म्हणाली, "नाना, पाणी?" त्यांनी बाटली घेतली. झाकण त्यांच्याकडून उघडलं नाही, तिने उघडून दिलं.


नंतर

निकाल बारा दिवसांनी आला. १९७१ ची नक्कल रद्द. खरेदी ऑगस्ट १९४५ ची धरली. जमिनीचं पासबुक गंगूबाईच्या नावे. कंपनी अपिलात गेली, ती जाणारच होती. पण खांब बांधावरून उचलले गेले. पाटी न्यायला कोणी आलं नाही. अंबाजीने ती उपटून गोठ्यावर आडवी टाकली, तलाव वरच्या बाजूला. गळतीपुरतं काम झालं.

निकालाच्या खाली अधिकाऱ्याने एक परिच्छेद जोडला होता. सदर तक्त्यावरून शहरेवर, मेहेर, आबान या महिन्यांच्या कागदांच्या ज्या ज्या नकला दिल्या गेल्या, त्यांची यादी श्री. एकनाथराव यांनी दप्तरखान्यात बसून साठ दिवसांत करून द्यावी.

एकनाथराव रोज दहा वाजता जाऊ लागले. डबा बरोबर. जुनी नकलांची नोंदवही त्यांच्यासमोर ठेवली जायची आणि ते ओळीवर पट्टी ठेवून एकेक नोंद उतरवायचे: अनुक्रमांक, गाव, कोणाला दिली, महिना, लिहिलेलं साल, खरं साल. कधी योगिनी दुपारी यायची, शेजारी बसून आकडे ताडून बघायची. तिने पुन्हा काही विचारलं नाही.

एका दुपारी ती म्हणाली, "हे वारंगळचं बघा. दोन भाऊ. थोरल्याला शेत मिळालं."

"हो."

"खरं साल धरलं तर धाकट्याचं होतं."

"हो."

"जिवंत आहे का तो?"

"नोंदवहीत ते लिहीत नाहीत," एकनाथराव म्हणाले आणि पट्टी पुढच्या ओळीवर सरकवली.

यादी एकसष्ट नोंदींची झाली. सप्टेंबरात त्यांनी ती सादर केली आणि पोच घेतली. त्या आठवड्यात जिन्यात पहिला माणूस येऊन उभा राहिला. पिशवीत एक नक्कल होती, चेहरा ओळखीचा नव्हता. एकनाथरावांनी दार उघडून त्याला आत घेतलं, बसायला खुर्ची दिली आणि कागद मागितला.

"सही तुमचीच आहे ना?" माणसाने विचारलं.

"माझीच आहे."

"मग आता मी काय करू?"

"महिना कोणता?"

"आबान."

एकनाथरावांनी चष्मा लावला. कागद वाचून झाल्यावर त्यांनी त्याला मुलीच्या ऑफिसचा पत्ता लिहून दिला, आणि आपण साक्षीला येऊ असंही खाली लिहिलं. माणसाने पत्ता खिशात ठेवला, पण उठला नाही. एकनाथरावही उठले नाहीत.

१९७१ साली, गंगूबाईच्या खरेदीखताच्या नकलेवर सही करण्याआधी, एकनाथरावांनी एका चिठोऱ्यावर पेन्सिलीने तारीख मांडून पाहिली होती. ऑगस्ट १९४५ आली होती.